कोकणात एवढा पाऊस पडतो, मग एप्रिलमध्ये विहिरी का आटतात? अंजनवेलच्या काठावरून समजून घ्या पाणी आणि मातीचं गणित

गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलला गोपाळगडावर उभं राहिलं की खाली दाभोळची खाडी पसरलेली दिसते. समोरच्या काठावर दाभोळ, अलीकडे वेलदूरच्या होड्या, आणि या दोन्हींच्या मधून वाशिष्ठी नदी अरबी समुद्रात शिरते.

या पाण्यात फक्त वाशिष्ठीचं पाणी नसतं. कोयना धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांमधून खाली पोफळीला येतं, वीज तयार करतं, पुढे कोळकेवाडीत पुन्हा एकदा वीज तयार करतं आणि मग वाशिष्ठीत सोडलं जातं. याला कोयनेचं अवजल म्हणतात. कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे वळवण्यासाठी ठरवून दिलेली वार्षिक मर्यादा आहे ६७.५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे साधारण २८३१ कोटी लिटर. पूर्ण मर्यादा वापरली तर हे पाणी होतं जवळपास १ लाख ९१ हजार कोटी लिटर. त्यातलं थोडं चिपळूण परिसर आणि औद्योगिक वसाहतीसाठी उचललं जातं. उरलेलं गोडं पाणी अंजनवेलच्या समोरून जाऊन खारं होतं.

आणि त्याच जिल्ह्यात उन्हाळ्यात काही वाड्यांना टँकरने पाणी द्यावं लागतं.

हे अवजल मुंबईला न्यावं, कोकणातच वापरावं, असे प्रस्ताव अनेक वर्षं येत-जात असतात. पण खाडीकाठच्या आणि डोंगरावरच्या वाडीला त्या मोठ्या योजनेची वाट पाहत बसणं परवडत नाही. तिचा प्रश्न आपल्या डोक्यावर पडणाऱ्या पावसाचा आहे, आणि तो पाऊस काही कमी नाही.

पाऊस नेमका किती पडतो?

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. मराठवाड्यात हाच आकडा ७०० ते ८०० च्या आसपास आहे. ३००० मिलीमीटर म्हणजे एक हेक्टर जमिनीवर ३ कोटी लिटर पाणी. ही सगळी लयलूट जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होते. उरलेले आठ महिने जवळपास कोरडे.

तरीही प्रश्न पडतोच. ३ कोटी लिटरमधलं थोडं तरी जमिनीत मुरत असेल ना? मुरतं, पण टिकत नाही.

याचं उत्तर जांभ्यात आहे. कोकणातली घरं ज्या तांबड्या चिऱ्यांनी बांधली जातात तोच हा दगड. डोंगरमाथ्यावरचे सपाट सडे याच जांभ्याचे. हा दगड सच्छिद्र असतो, स्पंजासारखा. काळ्या कातळाच्या म्हणजे बेसॉल्टच्या प्रदेशात पाणी मुरवायला घाम गाळावा लागतो, इथे ते भेगा-भोकांतून सहज आत जातं. पण जांभ्याच्या खाली चिकण मातीचा थर असतो. आत गेलेलं पाणी या थरावर येऊन अडतं आणि उताराच्या दिशेने सरकत डोंगराच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. तिथून पऱ्या, पऱ्यातून नदी, नदीतून खाडी. सह्याद्रीपासून समुद्र सरळ रेषेत जेमतेम ५०-६० किलोमीटरवर. वाट छोटी, उतार मोठा.

म्हणून कोकणातल्या विहिरी ऑगस्टमध्ये हाताने पाणी काढता येईल इतक्या भरतात आणि एप्रिलमध्ये तळ दाखवतात. इथे पाणी मुरवण्यापेक्षा मुरलेलं पाणी निघून जाताना त्याला उशीर करायला लावणं जास्त महत्त्वाचं आहे. दुष्काळी भागात यशस्वी झालेली कामं जशीच्या तशी इथे आणली की ती फसतात, त्याचं मुख्य कारण हे आहे. जांभ्यात नुसता खड्डा खणून शेततळं केलं तर पाऊस थांबल्यावर थोड्याच दिवसांत ते रिकामं होतं. त्यात प्लास्टिकचा कागद अंथरावाच लागतो.

समुद्राजवळच्या विहिरींचा आणखी एक धोका

अंजनवेलसारख्या तीन बाजूंनी पाणी असलेल्या गावांना एक जादा काळजी असते. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण खारं पाणी जड. शास्त्रज्ञांनी मांडलेला ढोबळ नियम असा की, गोड्या पाण्याची पातळी १ मीटरने उतरली तर खाली गोडं आणि खारं यांची सीमा तत्त्वतः ४० मीटरने वर सरकते. प्रत्यक्षात खडकानुसार हा आकडा बदलतो, पण दिशा तीच राहते. म्हणजे उन्हाळ्यात पाणी कमी पडलं म्हणून खोल बोअर मारून जोरात उपसा केला, तर आधी पाणी कमी होतं आणि मग मचूळ होतं. एकदा खारं झालेलं पाणी गोडं व्हायला अनेक पावसाळे लागू शकतात.

किल्ला बांधणाऱ्यांनाही पाण्याचा विचार चुकला नव्हता. गोपाळगड समुद्राच्या तोंडावर असूनही त्याच्या आत विहिरी आहेत. आदिलशाही, मराठे, सिद्दी, तुळाजी आंग्रे, पेशवे, इंग्रज अशा अनेकांच्या हातातून हा किल्ला गेला, पण वेढ्याच्या काळात शिबंदीला आतल्या पाण्यावरच दिवस काढावे लागत. पेशवाईत अंजनवेल हा सुभा होता.

वनराई बंधारा म्हणजे काय?

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कोकणातल्या कुठल्याही गावात गेलात तर पऱ्यावर रांगेत रचलेल्या सिमेंटच्या पिशव्या दिसतील. हाच वनराई बंधारा. नाव आलं 'वनराई' या संस्थेवरून. ती सुरू केली डॉ. मोहन धारिया यांनी, १९८२ मध्ये. धारिया मूळचे कोकणातले, महाड तालुक्यातल्या नाते गावचे. मोरारजी देसाईंच्या सरकारमध्ये ते केंद्रीय वाणिज्यमंत्री होते, नंतर नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. पण महाराष्ट्राच्या गावागावांत त्यांचं नाव मंत्रिपदापेक्षा या रिकाम्या गोण्यांमुळे जास्त पोचलं.

कल्पना अगदी साधी. पाऊस संपला की पऱ्यात अजून पाणी वाहत असतं. ते वाहतं पाणी रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून अडवायचं. साहित्याचा खर्च जवळपास शून्य, मजुरी म्हणजे श्रमदान, आणि काम एका दिवसात उरकतं.

एका बंधाऱ्यात पाणी साठतं किती? समजा पऱ्या ५ मीटर रुंद आहे, बंधाऱ्यामागे पाणी ३० मीटरपर्यंत फुगलं आणि सरासरी खोली अर्धा मीटर आहे. गुणाकार केला तर ७५ घनमीटर, म्हणजे ७५ हजार लिटर. १० हजार लिटरचे साडेसात टँकर. ऐकायला फार वाटत नाही. पण बंधाऱ्याचा खरा फायदा दिसणाऱ्या पाण्यात नाही. पऱ्यातली पातळी वर राहिली की आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी पऱ्याकडे धावायचं थांबतं. काठावरची विहीर एरवी मार्चमध्ये आटत असेल, तर ती एप्रिलपर्यंत तग धरते. त्यात एका पऱ्यावर ओळीने पाच-सहा बंधारे असतील तर हा परिणाम वरून खालपर्यंत जाणवतो. गुरांना पाणी मिळतं, दोडकी-पडवळ, वाल-चवळीचे मळे होतात, कपडे धुवायला लांब जावं लागत नाही.

बांधण्याची पद्धत सोपी असली तरी काही गोष्टी चुकल्या की बंधारा महिन्याभरात बसतो:

- जागा अरुंद हवी, दोन्ही काठ घट्ट हवेत आणि मागच्या बाजूला तळ कमी उताराचा हवा. तळाला भेगाळलेला जांभा असेल तर पाणी खालून निसटतं.
- गोणी ठासून भरायची नाही. पाऊण भरली की ती चपटी बसते आणि शेजारच्या गोणीला घट्ट चिकटते. तोंड शिवायचं.
- थर विटांसारखे रचायचे, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. दोन ओळींच्या मध्ये चिकण माती चोपायची. पाणी गोण्यांनी नाही, या मातीने अडतं.
- मध्यभागी थोडा भाग खाली ठेवायचा, म्हणजे जादा पाणी तिथून जाईल आणि काठ कापले जाणार नाहीत.

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने याच धर्तीवर 'कोकण विजय बंधारा' विकसित केला आहे. त्यात गोण्यांऐवजी पऱ्यातलेच दगड रचायचे आणि पाण्याच्या बाजूने प्लास्टिकचा कागद लावायचा. कोकणात दगडांना तोटा नाही, त्यामुळे ही पद्धत इथे जास्त शोभते. दुसरं म्हणजे गोण्या उन्हाने फाटून त्यांचे धागे पऱ्यात पसरतात, ती कटकटही कमी होते.

मग घोडं अडतं कुठे?

तारखेत. पऱ्यातला प्रवाह ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत चांगला असतो, नंतर दिवसागणिक उतरतो. त्यामुळे नवरात्र ते दिवाळी हा खरा काळ. पण याच दिवसांत भातकापणी सुरू असते आणि गावातली तरणी माणसं कापणी-झोडणीत गुंतलेली असतात. शिवाय अर्धं गाव मुंबईत. जिल्हा परिषद आणि कृषी विभाग दरवर्षी ग्रामपंचायतींना बंधाऱ्यांचं उद्दिष्ट देतात. उद्दिष्ट गाठायचं म्हणून डिसेंबर-जानेवारीत, पऱ्याला बोटभर पाणी उरलेलं असताना बंधारा बांधला, फोटो काढला आणि अहवाल पाठवला, तर कागदावर बंधारा होतो पण त्यामागे पाणी साठत नाही. बंधाऱ्यांची संख्या मोजण्यापेक्षा कोणत्या तारखेला बांधले हे विचारलं तर निम्मं चित्र स्पष्ट होईल.

तसंच कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचं. पक्कं बांधकाम, मध्ये फळ्या बसवायच्या खाचा. फळ्या वेळेवर बसल्या नाहीत तर तो नुसता पूल उरतो.

आणखी एक अडचण गावाबाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. सातबारा. कोकणात खोती पद्धत होती, ती १९४९ च्या कायद्याने रद्द झाली. पण जमिनीच्या मालकीचा गुंता सुटला नाही. पिढ्यान् पिढ्या वाटणी न झाल्यामुळे एकेका सातबाऱ्यावर वीस-तीस नावं असतात. कोणी मुंबईत, कोणी बडोद्यात, कोणी हयात नाही. डोंगरउतारावर चर खणायचे, पक्का बंधारा घालायचा किंवा अनुदानातून शेततळं करायचं तर संमतिपत्रं लागतात. ती गोळा करता करता आर्थिक वर्ष संपतं. वनराई बंधारा कोकणात एवढा चालला त्यामागे हेही कारण आहे. तो पऱ्यात होतो आणि जूनमध्ये निघून जातो. कायमचं काही उभं राहत नाही, म्हणून भाऊबंदकीही उभी राहत नाही.

पाण्याबरोबर मातीही जाते, त्याचं काय?

खरं तर आधी मातीबद्दलच बोलायला हवं होतं. जुलैमध्ये वाशिष्ठीचं पाणी तांबडं का दिसतं? तो रंग डोंगरावरच्या मातीचा आहे.

जांभ्यापासून तयार झालेली माती मुळात उथळ आणि आम्लधर्मी. जोराच्या पावसात तिच्यातला चुना आणि इतर पोषक द्रव्यं धुऊन जातात. जुन्या लोकांनी यावर उपाय केला होता. उतार कापून पायऱ्या पाडायच्या, प्रत्येक पायरीला बांध घालायचा आणि त्यात भात लावायचा. याला मजगी म्हणतात. भाताचं प्रत्येक खाचर हे एक छोटं तळंच असतं, चार महिने पाणी थोपवून धरणारं. आज मजुरी परवडत नाही म्हणून खाचरं पडीक राहतात. बांधाला खेकड्यांनी भोकं पाडली, एका पावसात तो फुटला, दुरुस्त करायला कोणी नाही. वरचा बांध फुटला की खालच्या बांधावर ताण येतो. शेती सोडल्याचा परिणाम असा माती आणि विहिरीपर्यंत पोचतो. याची चर्चा फार कमी होते.

त्यात उन्हाळ्यातले वणवे. गवत जळालं की पहिल्या पावसाचे थेंब उघड्या मातीवर थेट आदळतात. बागायतदारांचं तर दुहेरी नुकसान होतं, कलमं होरपळतात आणि मातीही जाते.

उपाय फार खर्चिक नाहीत. बांधावर गिरिपुष्प लावायचं. कोकणात याला उंदीरमारी म्हणतात. फांदी खोचली तरी जगते, मुळं बांध धरून ठेवतात आणि पाला भाताच्या चिखलात गाडला की हिरवळीचं खत मिळतं. उताराला आडव्या ओळीत वाळा लावला तर त्याची खोल जाणारी मुळं माती अडवतात. डोंगरावर समतल चर खणता येतात, पण इथे एक सावधगिरी हवी. जिथे मातीचा थर जाड आणि उतार उभा आहे तिथे चरांमधून जादा पाणी मुरवलं तर दरड सरकण्याचा धोका वाढू शकतो. २२ जुलै २०२१ च्या पावसात महाडच्या तळिये आणि खेडच्या पोसरे इथे काय झालं हे कोकण विसरलेलं नाही. त्यामुळे चर कुठे खणायचे हे भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या किंवा कृषी खात्याच्या माणसाने जागा पाहूनच ठरवायला हवं.

त्याच २२ जुलैला चिपळूण बुडालं होतं. वाशिष्ठी आणि शिवनदीत साठलेला गाळ हा त्यानंतर शहरातला सगळ्यात तापलेला विषय झाला. नागरिकांनी आंदोलन केलं, शासनाने यंत्रणा लावली, नाम फाउंडेशननेही गाळ काढायला हात लावला. पण नदीत साठलेला हा गाळ म्हणजे कुणाच्या तरी डोंगरउतारावरची माती. ती वरून येत राहिली तर नदीचा तळ पुन्हा भरणार. वरचे बांध आणि खालचं शहर यांचा हिशेब एकच आहे, खर्च मात्र दोन वेगळ्या खात्यांत पडतो.

मातीची धरणं बांधून सोडून देण्याचा धोकाही याच खोऱ्याने पाहिला. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि खालच्या वाडीतली घरं माणसांसकट वाहून गेली. बांध छोटा असो की मोठा, बांधल्यानंतर त्याच्याकडे बघणारं कोणीतरी लागतं.

खाडीकाठची खारभूमी

वाशिष्ठीच्या खाडीत जसजसं आत जावं तशी भरतीचं पाणी थोपवण्यासाठी घातलेली बांधबंदिस्ती दिसते. बांधाच्या आत भातशेती, बाहेर खाडी. पावसाचं पाणी बाहेर सोडायला बांधात झडपेची दारं असतात, त्यांना उघाडी म्हणतात. ओहोटीला ती उघडते, भरतीला पाण्याच्या दाबाने बंद होते. ना मोटर, ना वीज.

बांध एकदा फुटला आणि दोन-तीन वर्षं तसाच राहिला, तर शेतात खारं पाणी भरतं आणि मागोमाग कांदळवन उगवतं. इथे खरा पेच सुरू होतो. कांदळवन तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने २००५ पासून मनाई केली आहे, २०१८ च्या निकालाने ती आणखी पक्की झाली. कांदळवन किनाऱ्याची धूप थांबवतं, माशांची पैदास तिथे होते, त्यामुळे ते वाचायलाच हवं. पण ज्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावरची जमीन वेळेत बांध दुरुस्त न झाल्यामुळे कांदळवनाखाली गेली, त्याच्या हातात काय उरतं? खारभूमीच्या योजनांसाठी राज्यात १९७९ चा स्वतंत्र कायदा आहे. तरी शेतकऱ्याच्या हिताची वेळ एकच असते, बांधाला पहिलं भगदाड पडल्यानंतरचा पहिला उन्हाळा. जिथे माती थोडी खारट झाली आहे पण शेती शक्य आहे, तिथे पनवेलच्या संशोधन केंद्राच्या खार सहन करणाऱ्या भातजाती लावता येतात.

घरापुरतं काही करता येईल का?

येईल, आणि कोकणात ते बाकी महाराष्ट्रापेक्षा सोपं आहे. घराचं छप्पर १००० चौरस फूट धरलं तर ३००० मिलीमीटर पावसात त्यावर जवळपास २ लाख ७९ हजार लिटर पाणी पडतं. जलजीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटर या निकषाने पाच माणसांच्या घराला वर्षभर लागतं साधारण १ लाख लिटर. म्हणजे गरजेच्या अडीचपटीहून जास्त पाणी कौलांवरून अंगणात आणि अंगणातून पऱ्याला जातं.

अडचण साठवणीची. पण वर्षाचं पाणी साठवायची गरजच नाही, कारण फेब्रुवारीपर्यंत विहीर साथ देते. शेवटचे चार महिने धरले तर पाच माणसांना ३३ हजार लिटरची टाकी पुरते. नुसतं पिण्या-स्वयंपाकापुरतं म्हटलं तर याच्या पाव आकाराचीही चालेल. पन्हळ लावायची, पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, मग जाळी आणि वाळू-कोळशाच्या गाळणीतून पाणी टाकीत घ्यायचं. टाकी अंधारी आणि झाकलेली हवी, नाहीतर शेवाळ आणि डास. पिण्याआधी पाणी उकळायचंच.

आंबा-काजूची नवी कलमं जगवायला दापोली विद्यापीठाचं 'कोकण जलकुंड' आहे. ४ मीटर लांब, १ मीटर रुंद, १ मीटर खोल खड्डा, आत प्लास्टिकचा कागद. पावसाळ्याच्या शेवटी भरून घेतलं की ४००० लिटर पाणी होतं, वरून गवताने झाकायचं म्हणजे बाष्पीभवन कमी होतं. सड्यावर, जिथे विहीरही नाही आणि वीजही नाही, तिथे दहाएक कलमांचा पहिला उन्हाळा यावर निघतो. खड्डा खणताना तळाला टोकदार दगड राहू देऊ नका आणि कागदाखाली भाताचा पेंढा अंथरा. उंदराने एक भोक पाडलं तरी सगळं पाणी जांभ्यात जातं.

आणि वनराई बंधारा बांधला असेल तर मे अखेरीला तो काढायचा. बरीच गावं हे विसरतात. गोण्या तशाच राहिल्या तर पहिल्या पुरात पाणी बंधाऱ्याला वळसा घालून काठ कापतं आणि शेजारच्या खाचरात शिरतं. माती पऱ्याच्या बाहेर, वरच्या बांधावर टाकायची. चांगल्या राहिलेल्या गोण्या झटकून, वाळवून पडवीत ठेवल्या की ऑक्टोबरात पुन्हा कामाला येतात.